पाहुण्या यंत्राला पडदे किती?

परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मध्यंतरी आम्ही दोन दिवस होतो. निमित्त होते विहिरींचे. शाळेतले एक विज्ञान शिक्षक, आता निवृत्त झालेले, २००३ पासून आठनऊ वर्षे मुलांकडून गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजून घेत. दोरीला दगड बांधायचा, दोरीवर वीतभर अंतराने गाठी मारायच्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहायचे, एवढाच खटाटोप. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. पण गुरुजींनी त्यांतली सगळी नोंद शाळेच्या संगणकावर मराठीत टंकून ठेवली होती. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. तेव्हापासून मराठवाड्यातल्या भूजलाच्या जुन्या नोंदी हा काही केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. ही नोंद वाचता आली तर हवी होती.

आणि वाचता येत नव्हती. नव्या संगणकावर ती फाईल उघडली की आकडे नीट दिसत, पण गावांची आणि विहिरींची नावे इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे यांच्या खिचडीसारखी दिसत. पाणी १४ हात खोल होते हे कळते, कोणाच्या विहिरीत ते कळत नाही! याचे कारण शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहेच. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी अर्धा ‘स’, दुसऱ्याच्या जागी काना. आकड्यांच्या जागा मात्र बहुधा तशाच ठेवत. फॉन्ट गेला की आकडे उरतात, नावे जातात. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात, आम्ही एक वापरलीही. पण जोडाक्षरे आणि रफार यांत ती चुकत होती, आणि आडनावाच्या एका रफाराने विहीर बदलते. म्हणजे मूळ पान जसे गुरुजींना दिसत होते तसे शेजारी उघडून ताडून पाहणे आलेच.

मूळ पान दाखवणारी आज्ञावली चालायची विंडोज एक्सपीवर, आणि तो संगणक केव्हाच भंगारात गेला होता. शाळेच्या कपाटात सीडी तेवढ्या होत्या. तेव्हा आम्ही नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक तयार केला. खराखुरा नव्हे, आभासी. त्यात एक्सपी बसवली, जुनी मराठी आज्ञावली बसवली, फाईल नेली, आणि नावे दिसू लागली. शाळेत दोन पडदे होते. एकावर जुना संगणक पडदा भरून पसरला, दुसऱ्यावर नवा. हे पाहत उभी असलेली नववीतली एक मुलगी म्हणाली,

“सर, त्या जुन्या कॉम्प्युटरला माहीत आहे का, शेजारी दुसरा पडदा आहे म्हणून?”

आमच्यापैकी एकजण म्हणाला, “नाही बाळ.” दुसरा म्हणाला, “आपण सांगितले तर माहीत होईल.” दोन्ही उत्तरे बरोबर होती. ती दोन्ही एकाच वेळी बरोबर कशी, हे सांगायचे तर साठ वर्षे मागे जावे लागते.

त्या काळी संगणक ही संस्थेची मालमत्ता असे, माणसाची नव्हे. आपल्याकडचेच पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० च्या फेब्रुवारीत पूर्णपणे कामाला लागला. त्याच्या स्मृतीत चाळीस अंकी द्विमान शब्द साठवले जात, आणि अशा शब्दांची संख्या दोनेक हजारांच्या घरात होती. आजच्या हिशेबाने ती सारी स्मृती दहा किलोबाईट, म्हणजे मोबाईलवरच्या एका लहानशा चित्राइतकीही नव्हे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. टिफ्रॅकला ऋणकिरण नळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर आलेख व अक्षरे काढता येत. संगणकाचे उत्तर डोळ्यांनी पडद्यावर पाहण्याची सोय आपल्या राज्यात एवढी जुनी आहे. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशभरातल्या संशोधकांची कामे त्यावर होऊ लागली. काम द्यायचे ते छिद्रांच्या कार्डांची चळत करून, आणि उत्तर मिळायचे छापील कागदावर, आपली पाळी आल्यावर. कार्डात एक छिद्र चुकले की पुन्हा पाळी!

प्रत्येकाला स्वतःचा संगणक मिळाला तर? ही इच्छा जगभर सगळ्यांचीच होती, आणि पैसे कोणाकडेच नव्हते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केम्ब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक छोटे संशोधन केंद्र होते. तिथे रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ च्या अखेरीस एक वेगळाच विचार केला. एका संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याची युक्ती तेव्हा निघालेली होती. यांनी ठरवले की वेळ नव्हे, अख्खा संगणकच वाटायचा. म्हणजे असे की प्रत्येक वापरणाऱ्याला, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आज्ञावलीला, वाटले पाहिजे की सगळे यंत्र आपल्या एकट्याचे आहे, स्वतःची स्मृती, स्वतःचा कार्डवाचक, स्वतःचे छपाईयंत्र असलेले. १९६७ च्या जानेवारीत ही रचना नित्य वापरात आली. तिचे नाव सीपी-४०. एका खऱ्या यंत्रातून ती चौदापर्यंत आभासी यंत्रे उभी करी, प्रत्येकाला २५६ किलोबाईट स्मृती असल्याचा भास देऊन.

हे साधते कसे, ते शाळेच्याच उदाहरणाने पाहू. शाळेत प्रयोगशाळा एक आणि वर्ग चौदा. प्रत्येक वर्गाला सांगितले आहे की प्रयोगशाळा तुमचीच. वर्ग आपल्या खोलीत वाचन, लेखन, गणिते करतो तोवर कोणाला काही विचारावे लागत नाही. प्रयोगशाळेची किल्ली मागायची वेळ आली की मात्र शिपाई मध्ये येतो, किल्ली खरोखर रिकामी आहे का पाहतो, थोडे थांबवतो, आणि वर्गाला कळू न देता व्यवस्था लावतो. आभासी यंत्राचेही तसेच. बेरीज-वजाबाकीसारख्या निरुपद्रवी आज्ञा खऱ्या यंत्रावर थेट चालतात, म्हणून वेग टिकतो. यंत्राच्या नियंत्रणाला हात घालणारी आज्ञा आली की ती अडवली जाते आणि देखरेख करणारी आज्ञावली तिचे नाटक वठवते. या देखरेख करणाऱ्या आज्ञावलीला इंग्रजीत पहिल्यापासून ‘मॉनिटर’ म्हणत आले आहेत, वर्गातला मॉनिटर असतो ना, त्याच अर्थाने. पडद्याशी त्या शब्दाचा तिथे काही संबंध नाही. आभासी यंत्रांवरची पुस्तके वाचताना आमचा या शब्दाने प्रारंभी बराच गोंधळ केला, म्हणून सांगून ठेवतो.

आता मुलीचा प्रश्न त्या काळाला विचारा. सीपी-४० मधल्या आभासी यंत्राला पडदे किती? एकही नाही. वापरणारा बसायचा तो विजेच्या टंकयंत्रासारख्या एका उपकरणासमोर. आज्ञा टंकायची, उत्तर त्याच कागदावर खडखडत उमटायचे. आभासी यंत्राला वाटे की हा आपला मुख्य नियंत्रण-मेज आहे. प्रत्यक्षात ते दूरच्या खोलीतले टंकयंत्र असे. भास उभा करायला हे फार सोपे होते, कारण एका वेळी एक अक्षर इकडून तिकडे नेले की झाले. आयबीएमने १९७२ च्या ऑगस्टमध्ये व्हीएम/३७० या नावाने ही रचना सर्वांसाठी जाहीर केली. तोवर पडदे आले होते, पण त्यांवरही ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे सगळी मिळून १९२० अक्षरे मावत. प्रक्रियकाचा, स्मृतीचा, कार्डवाचकाचा भास १९६७ सालीच उत्तम साधला होता. रंगीत, हलत्या चित्राच्या पडद्याचा भास साधायला पुढे तीस वर्षे लागली आणि एकाहून अधिक पडद्यांचा साधायला चाळीस.

हा उशीर का, हे समजून घ्यायला मध्ये थोडे वैयक्तिक संगणकाकडे वळावे लागेल.

१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्यासाठी पडदा चालवणारी दोन प्रकारची पत्रे मिळत. एक एकरंगी, सुबक अक्षरांसाठी. दुसरे रंगीत, चित्रांसाठी. दोन्हींचा नियम सारखा. संगणकाच्या स्मृतीतला एक ठराविक भाग म्हणजेच पडदा. तिथे आज्ञावलीने ‘क’ लिहिला की पडद्यावर ‘क’ दिसला. मात्र एकरंगीचा भाग ७०४ किलोबाईटच्या खुणेपासून सुरू होई आणि रंगीतचा ७३६ पासून. पत्ते वेगळे असल्यामुळे दोन्ही पत्रे एकाच संगणकात गुण्यागोविंदाने नांदू शकत. म्हणजे दोन पडद्यांचा संगणक ही काही अलीकडची चैन नव्हे. आज्ञावल्या लिहिणारे लोक रंगीत पडद्यावर आपली आज्ञावली चालवत आणि एकरंगी पडद्यावर तिच्या चुका शोधत. तांत्रिक आरेखन करणारेही एका पडद्यावर आज्ञा आणि दुसऱ्यावर आकृती ठेवत. पण हे दोन पडदे एकमेकांना ओळखत नसत. एकावरची वस्तू ओढून दुसऱ्यावर नेणे ही कल्पनाच तिथे नव्हती. ती १९८७ च्या मॅकिंटॉश-२ मध्ये दिसली. त्यात सहा खाचा होत्या, त्यांत पडद्यांची पत्रे बसवावी, आणि एकच खिडकी अर्धी या पडद्यावर, अर्धी त्या पडद्यावर ठेवावी. विंडोजमध्ये हीच सोय १९९८ साली आली, नऊ पडद्यांपर्यंत.

स्मृतीत लिहिले की पडद्यावर दिसते, या नियमाचा सगळ्यात हुशार उपयोग आमच्या मते आपल्या देशात झाला. आयआयटी कानपूरमध्ये १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतीय लिप्या दाखवणारे एक संगणक-अग्र तयार झाले. त्यावर काम करणारे मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथून जिस्ट नावाचे पत्र बाहेर पडले. ते संगणकाच्या खाचेत बसवले की डीबेस, वर्डस्टार यांसारख्या निव्वळ इंग्रजी आज्ञावल्या देवनागरीत चालू लागत. त्या आज्ञावल्यांत एक अक्षरही बदललेले नसे! आज्ञावली बिचारी नेहमीप्रमाणे क्रमांक लिहीत राही. तिला वाटे आपण साध्या अक्षरांच्या पडद्यावर लिहीत आहोत. मध्ये बसलेले पत्र ते क्रमांक उचली, क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक ओळीने आले की त्यांचा ‘क्ष’ करी, आणि खऱ्या पडद्यावर मराठी उमटे. त्यामागची सांकेतिक तक्त्याची पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिच्यात पहिले १२८ क्रमांक इंग्रजीचे तसेच ठेवले आहेत आणि वरचे भारतीय लिप्यांना दिले आहेत, म्हणून तर इंग्रजी आज्ञावलीला पत्ता लागत नसे. पुष्कळ कार्यालयांत मराठी याद्या या मार्गाने संगणकावर गेल्या. रकाना वीस अक्षरांचा असला तर नाव कधी पंधरातच संपे, कारण आज्ञावली क्रमांक मोजत होती आणि माणूस अक्षरे. भास कुठे उसवतो ते अशा जागी दिसते.

त्या जिस्ट पत्रात आणि आभासी यंत्रात आम्हाला एक नाते दिसते. दोन्हींत आतल्या आज्ञावलीला न सांगता तिचा पडदा बदलून टाकलेला आहे.

वैयक्तिक संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणे मात्र बरेच दिवस अशक्यप्राय मानले जाई. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्र नीट उभे करता येण्यासाठी प्रक्रियकात कोणते गुण हवेत ते गणिती काटेकोरपणाने मांडले होते. थोडक्यात, नियंत्रणाला हात घालणारी प्रत्येक आज्ञा अडवता आली पाहिजे. शिपायाला न भेटता किल्ली मिळता कामा नये. आपल्या टेबलांवरच्या संगणकांतल्या इंटेल जातीच्या प्रक्रियकांत अशा निसटणाऱ्या आज्ञा होत्या. पेंटियमचा बारकाईने अभ्यास करून २००० साली १७ मोजल्या गेल्या. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर तोड काढली. धोकादायक आज्ञा चालण्यापूर्वीच त्यांचे चालू भाषांतर करून टाकायचे. तिची पहिली आज्ञावली १९९९ मध्ये विक्रीस आली. पुढे २००५-०६ मध्ये प्रक्रियक बनवणाऱ्यांनीच ती उणीव भरून काढली. व्हर्च्युअलबॉक्स ही जर्मनीत तयार झालेली आज्ञावली २००७ च्या जानेवारीत मुक्त झाली, आणि शाळेसारख्या ठिकाणी फुकट वापरता येईल असे आभासी यंत्र हाती आले. आम्ही वापरले ते हेच.

बाहेरच्या खऱ्या संगणकाला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हणतात. शब्द इंग्रजीतून आले असले तरी मराठीत ते अधिकच शोभतात. पाहुण्याला घरातले काय काय दिसू द्यायचे हे यजमान ठरवतो!

तर पाहुण्याचा पडदा म्हणजे काय? यजमानाच्या स्मृतीतला एक तुकडा, इतकेच. त्याला सांगितलेले असते की हे तुझे चित्रपत्र. पाहुणा त्या तुकड्यात ठिपक्यांचे रंग लिहितो, यजमान ते वाचून आपल्या एका खिडकीत रंगवतो. हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके, प्रत्येकाला ४ बाईट. एक पडदा ८२,९४,४०० बाईटांचा झाला. शाळेतल्या साध्या प्रक्षेपकाचे १०२४ गुणिले ७६८ ठिपके धरले तर ३१,४५,७२८. अक्षरांच्या जुन्या पडद्याला १९२० अक्षरे पुरत होती, इथे एका चित्राला ८३ लाख बाईट, आणि ते सेकंदाला ६० वेळा ताजे करायचे. सगळे दर वेळी नव्याने उचलले तर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाईट इकडचे तिकडे न्यावे लागतील. पडद्याचा भास उशिरा साधला तो या हिशेबामुळे. यावर उपाय म्हणून पाहुण्याच्या आत एक छोटी जोड-आज्ञावली बसवतात. कोणता चौकोन बदलला ते ती यजमानाला कळवते, मग तेवढाच रंगवायचा.

म्हणजे पाहा, भास सुबक व्हावा म्हणून पाहुण्याला थोडे सत्य सांगावे लागले. पूर्ण पडदाभर चित्र हवे असेल तर यजमानाचा पडदा किती मोठा आहे हे पाहुण्याला कळले पाहिजे, नाहीतर मधोमध छोटे चित्र आणि भोवती काळी चौकट अशी मिरवणूक दिसते. तेही काम ही जोड-आज्ञावलीच करते. उंदराच्या बाणाचेही असेच आहे. खरा उंदीर फक्त ‘इतका डावीकडे सरकलो’ एवढेच सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून जोड-आज्ञावली नसेल तर बाण पाहुण्यात अडकून बसतो आणि उजवीकडची कंट्रोल कळ दाबून सोडवावा लागतो.

आता दोन पडदे. पाहुण्याला दुसरा पडदा द्यायचा तर स्मृतीचा दुसरा तुकडा द्यायचा आणि सांगायचे की तुझ्या चित्रपत्राला दोन तारा आहेत, दुसरा पडदा पहिल्याच्या उजवीकडे आहे. व्हीएमवेअरने ही सोय २००७ साली दिली, पुढे व्हर्च्युअलबॉक्समध्येही ती आली. खिडकीत चालवताना पाहुण्याचे दोन पडदे म्हणजे यजमानाच्या दोन खिडक्या. पूर्ण पडद्यावर जाताना मात्र भास आणि वस्तू यांची गाठ पडते. पाहुण्याला दोन पडदे सांगितले आणि टेबलावर एकच असला तर व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण पडद्यावर जायला चक्क नकार देते. चित्रस्मृती कमी ठेवली असेल तरी अडते. आणि टेबलावरचा दुसरा पडदा डावीकडे, पाहुण्याच्या समजुतीत उजवीकडे, असे झाले तर उंदीर उजवीकडे नेला की बाण डावीकडच्या भिंतीवर उगवतो. मुलांची करमणूक होते, शिक्षकांची होत नाही.

आमची चूक इथेच झाली. पहिल्या दिवशी आम्ही हौसेने दोन्ही पडदे पाहुण्याला दिले. डावीकडे गुरुजींचे जुने पान पूर्ण पडदाभर, आणि उजवीकडे नव्या संगणकावरचा तक्ता, अशी आमची समजूत. दोन मुली पान वाचून तक्ता भरत बसल्या. एक वाची, दुसरी टंकी. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या. संध्याकाळी आम्ही पाहुणा बंद केला. बंद करताना त्याला सकाळी जपून ठेवलेल्या स्थितीवर परत न्यायची खूण केली, म्हणजे उद्या सगळे स्वच्छ मिळेल. ही आभासी यंत्राची मोठी सोय आहे. त्याची सगळी स्थिती एका क्षणाला गोठवून ठेवता येते आणि हवी तेव्हा परत आणता येते.

पाहुणा बंद झाला आणि उजवा पडदाही बदलला. तक्ता नाहीसा झाला.

तो तक्ता नव्या संगणकावर नव्हताच. तो एक्सपीतच उघडला गेला होता आणि तिथून दुसऱ्या पडद्यावर ओढला होता. एक्सपी दुसऱ्या पडद्यावर खालची पट्टी दाखवत नाही. त्यामुळे तो पडदा कोणाचा हे ओळखण्याची एकही खूण समोर नव्हती. मुलींनी फाईल वेळोवेळी जपलीही होती, पण पाहुण्याच्या तबकडीवर. आम्ही ती तबकडीच सकाळवर नेऊन ठेवली. दोन मुलींचे साडेतीन तासांचे काम आमच्या एका खुणेने गेले. त्या काही बोलल्या नाहीत, हे आम्हाला जास्त लागले. वाचणारी मुलगी म्हणजे तीच, प्रश्न विचारणारी.

रात्री जिथे उतरलो होतो तिथे यावर बराच खल झाला. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, जास्त पडदे तितकी सोय, चूक आपल्या निष्काळजीपणाची. निष्काळजीपणा होताच. पण आमचे मत त्या दिवसापासून पक्के झाले आहे. पूर्ण पडद्याचा भास जितका निर्दोष, तितके माणसाला आपण कुठल्या यंत्रात आहोत हे कळणे कठीण. १९६७ मध्ये फसवायचे होते ते फक्त आज्ञावलीला. टंकयंत्रासमोर बसलेल्या माणसाला आपण कुठे बसलो आहोत ते स्वच्छ ठाऊक होते. पूर्ण पडद्यावर पाहुण्याबरोबर आपणही फसतो. ज्यांना आत एकाच आज्ञावलीचे मोठे आरेखन पसरून पाहायचे आहे त्यांनी पाहुण्याला खुशाल दोन, चार पडदे द्यावेत. शाळेच्या कामाला पाहुण्याचा एकच पडदा ठेवावा, तो एका पडद्यावर पूर्ण भरावा, आणि दुसरा यजमानाकडे राहू द्यावा. म्हणजे मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर खरे राहते. जुन्या संगणकाला शेजारच्या पडद्याची खबर नसते.

प्रक्षेपक लावणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे. प्रक्षेपक हा दुसरा पडदाच. पडदे ‘वाढवलेले’ ठेवून पाहुणा प्रक्षेपकावर पूर्ण भरला आणि आपल्यासमोर यजमान ठेवला, तर वर्गाला तेवढाच जुना संगणक दिसतो आणि उत्तरपत्रिका किंवा गुणांची यादी चुकून भिंतीवर जात नाही. एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ ला थांबले आहे, म्हणून त्या पाहुण्याचे जाळ्याशी कनेक्शन आम्ही तोडून टाकले होते. फाईल नेण्या-आणण्यापुरती दोघांत एक सामाईक पेटी ठेवली. वीज जाण्याचा भरवसा जिथे असतो तिथे दर अर्ध्या तासाने पाहुण्याची स्थिती गोठवून ठेवावी, हेही खरेच. फक्त गोठवणे आणि मागे नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या खर्चाने लक्षात ठेवावे. आमच्या म्हणजे मुलींच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहुण्याच्या पार्श्वभूमीला भडक पिवळा रंग दिला आणि यजमानाच्या पडद्याला साधा राखाडी. पिवळ्यावर फक्त वाचायचे, राखाडीवर फक्त लिहायचे. मुली पुन्हा २००३ पासून सुरू झाल्या. नावे आता रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीकडून आलेल्या यादीत होती आणि शेजारच्या पिवळ्या पडद्यावर गुरुजींच्या मूळ अक्षरांत. एका विहिरीच्या नावातला रफार यादीत पुढच्या अक्षरावर जाऊन बसला होता, तो त्यांनी परत आणला. दुपारी गुरुजी स्वतः आले. पिवळ्या पडद्यावरचे आपलेच पान पाहून चष्मा पुसू लागले आणि म्हणाले, “मे २००४ ची तिसरी ओळ पुन्हा बघ गं. त्या महिन्यात ती विहीर कोरडी होती. तिथे शून्य नको, रेघ हवी.”

मुलीने पाहिले. पिवळ्या पडद्यावर रेघच होती. राखाडीवर तिने शून्य लिहिले होते. काठापासून पाण्यापर्यंत शून्य अंतर म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली! तिने ते खोडून रेघ मारली आणि जून २००४ वाचायला घेतला.